पहिले विद्युत् मँडोलिन : अल्प खर्चातील निवडीच्या कसोट्या

मँडोलिन हे वाद्य मूळचे इटलीतील. अठराव्या शतकात नेपल्स येथे त्याला चार जोडतारांचे रूप प्राप्त झाले आणि व्हायोलिनप्रमाणेच त्याच्या तारा पंचमाच्या अंतराने लावण्याचा प्रघात पडला. पाश्चात्य वाद्यवृंदांच्या मागोमाग ते भारतात आले. विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत त्याने स्वतःचे स्थान निर्माण केले. संगीतदिग्दर्शक सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) ह्यांनी तर त्यावर रागसंगीत वाजवून ह्या वाद्याच्या मर्यादा कोठवर रुंदावता येतात ते दाखवून दिले. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) ह्यांनी १९७८ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, गुडिवाडा येथील त्यागराज आराधना उत्सवात आपले पहिले जाहीर वादन केले आणि पुढे विद्युत् मँडोलिनला कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रमुख वाद्याचा मान मिळवून दिला.

ह्या दोन परंपरांमुळे विद्युत् मँडोलिन शिकू इच्छिणारा विद्यार्थी आज दुर्मीळ राहिलेला नाही. तथापि पहिले वाद्य घेताना त्याची बहुधा फसगत होते. गिटारविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. विद्युत् मँडोलिनविषयी ठाम माहिती देणारा क्वचितच भेटतो. परिणामी निवड होते ती रंग, आकार, निर्मात्याचे नाव किंवा पिकअपची ख्याती ह्यांवरून. अल्प साधनांच्या विद्यार्थ्यास दुसरे वाद्य घेण्याची संधी लवकर मिळत नाही. शिवाय ज्या वाद्याचे पडदेच बेसूर आहेत, त्यावर दोन-तीन वर्षे घालविल्यास बेसूर स्वरच कानात पक्का बसतो. ही हानी पैशाच्या हानीहून अधिक गंभीर होय. म्हणून ह्या निवडीचा विचार वाद्याच्या रचनेच्या आणि ध्वनिशास्त्राच्या आधारे होणे इष्ट आहे.

विद्युत् मँडोलिनचे प्रकार

अमेरिकेत १९३० च्या दशकात पोकळ पेटीच्या मँडोलिनला चुंबकीय पिकअप जोडून विद्युत् मँडोलिने तयार होऊ लागली. त्यांच्या तारा पूर्वीप्रमाणेच आठ, म्हणजे दोन-दोनांच्या चार जोड्या, होत्या. पुढे भरीव लाकडाची वाद्ये आली. पॉल बिग्जबी ह्या कारागिराने १९५२ मध्ये टायनी मूर ह्या वादकासाठी पाच एकेरी तारांचे भरीव मँडोलिन घडविले. फेंडर कंपनीने १९५६ मध्ये चार एकेरी तारांचे भरीव मँडोलिन बाजारात आणले व ते १९७६ पर्यंत बनविले. ब्राझीलमधील साल्व्हादोर शहरात डोडो आणि ओस्मार ह्या जोडीने १९४० च्या दशकात, अमेरिकेतील प्रयत्नांहून वेगळ्या वाटेने, भरीव लाकडाचे लहान विद्युत् वाद्य तयार केले. कार्निव्हलच्या मिरवणुकीत गाजलेले ते वाद्य पुढे ‘गिटारा बायाना’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले.

ह्या इतिहासात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. वाद्य पोकळचे भरीव झाले तेव्हा अनेक ठिकाणी तारा जोडीच्या एकेरी झाल्या. श्रीनिवास ह्यांनीही जोडतारा सोडून एकेरी तारांचा अवलंब केला आणि पुढे खर्जासाठी पाचवी तार जोडली. ह्या बदलामागील कारण उघड आहे. जोडतारांची योजना मुळात आवाज मोठा व भरघोस व्हावा म्हणून झालेली आहे; आवाज मोठा करण्याचे काम वीज करू लागल्यावर त्या योजनेची गरज निम्म्याने संपते.

आज खरेदीस निघालेल्यापुढे साधारणतः चार प्रकार असतात : पोकळ पेटीचे, आतून पिकअप बसविलेले आठतारी, भरीव लाकडाचे आठतारी, भरीव चारतारी, आणि भरीव पाचतारी. एपिफोन कंपनीने ‘मँडोबर्ड’ ह्या एकाच नावाखाली चारतारी व आठतारी असे दोन नमुने काढले होते, यावरून नाव किंवा आकार सारखा असला तरी वाद्य एकच असते असे नाही, हे ध्यानात यावे. तारांची संख्या हाच ह्या निवडीतील पहिला व मुख्य प्रश्न आहे.

एकेरी तारा की जोडतारा

जोडीतील दोन्ही तारा तंतोतंत एका स्वरात असतील तरच जोडीचा आवाज गोड लागतो. सप्तकाचे १,२०० सूक्ष्म भाग कल्पिले असता त्यातील एका भागास सेंट म्हणतात. ४४० कंपनांच्या तारेशी तिची जोडीदार तार केवळ ५ सेंटांनी चढी असेल, तर दोन्हींच्या कंप्रतांत सुमारे १.३ चा फरक पडतो आणि आवाज सेकंदास एकाहून थोड्या अधिक वेळा डोलू लागतो. ६५९ कंपनांच्या सर्वांत उंच जोडीत हाच डोल सेकंदास सुमारे दोनदा येतो. काही प्रमाणात हा डोल हवासा वाटतो. मँडोलिनच्या आवाजातील विशिष्ट झळाळी काहीशी त्यामुळेच येते. पण तो वाढला की कानाला टोचू लागतो, आणि ध्वनिवर्धकातून तर अधिकच स्पष्ट ऐकू येतो.

मींड घेताना ही अडचण वाढते. बोटाने तार पडद्यावर आडवी ओढली की तिचा ताण वाढून स्वर चढतो. जोडीतील दोन तारा एकाच बोटाने सारख्या ओढल्या जात नाहीत. एक अधिक ताणली जाते, दुसरी कमी, आणि मींडेच्या प्रत्येक क्षणी दोन वेगळे स्वर ऐकू येतात. एकेरी तारेत हा प्रश्न उद्भवत नाही. गमक, मींड व आंदोलन ह्यांवर ज्याची भिस्त आहे अशा रागसंगीताच्या विद्यार्थ्याने म्हणूनच एकेरी तारांचे वाद्य घेणे श्रेयस्कर ठरते.

याउलट ज्याचे लक्ष्य चित्रपटगीतांतील मँडोलिन हे आहे, त्याचे काम नखीच्या उलटसुलट जलद आघातांनी स्वर अखंड धरण्यावर चालते. लहान, ताठ तारांचा आवाज लवकर विझतो. तो विझू न देण्यासाठी ही पद्धत निघाली. तिचा खरा थाट जोडतारांवरच उमटतो. अशा विद्यार्थ्याने चारतारी भरीव वाद्य घेतल्यास ज्या आवाजासाठी तो वाद्याकडे वळला तोच त्याला मिळणार नाही. ह्या प्रश्नास सर्वांसाठी एक उत्तर नाही. पण प्रत्येक विद्यार्थ्यासाठी निश्चित उत्तर आहे, आणि ते दुकानात जाण्यापूर्वीच ठरलेले असावे.

ज्याचा निर्णय होत नसेल त्याच्यासाठी एक स्वस्त प्रयोग उपलब्ध आहे. घरात किंवा ओळखीत असलेल्या साध्या आठतारी मँडोलिनच्या प्रत्येक जोडीतील एक तार उतरवून ठेवावी. आवाज लहान होईल, तारा खाचांच्या मधोमध नसल्याने बोटांना थोडे चमत्कारिक वाटेल आणि तारांच्या दाबावर टेकलेली घोडी हलत नाही ना, हे पाहावे लागेल; पण काही आठवडे त्यावर मींडेचा सराव केल्यास एकेरी तार आपल्या संगीतास मानवते की नाही, ह्याचा उलगडा काही खर्च न करता होतो.

पाचतारी वाद्याचा मोह प्रथम खरेदीत आवरावा हे बरे. मँडोलिनच्या चार तारांची नेहमीची कंप्रता १९६, २९४, ४४० व ६५९ असते. पाचवी तार त्याखाली १३१ वर लावावी लागते. तारेचा ताण तिच्या कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, तितक्याच लांबीत ताण कायम राखावयाचा तर ही तार तिच्या शेजारच्या तारेच्या दीडपट जाड असावी लागते. इतकी जाड व आखूड तार दांडक्यासारखी वागू लागते. तिचे उपस्वर चढे होतात आणि आवाज बोथट होतो. कुशल कारागीर लांबी थोडी वाढवून आणि तारांची योग्य निवड करून ह्यातून मार्ग काढतात. स्वस्त वाद्यात ही काळजी घेतलेली असेलच असे नाही.

आखूड लांबीचे गणित

मँडोलिनच्या बाबतीत खर्च वाचविण्याच्या सर्व विचारांना एका साध्या मोजमापाने मर्यादा घातली आहे. प्रचलित मँडोलिनवर दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचपट्टीपासून घोडीपर्यंत तारेची कंपन पावणारी लांबी सुमारे ३५२ मि.मी. असते. गिटारवर ती सुमारे ६४८ मि.मी. असते. समान अर्धस्वरांच्या पद्धतीने पडदे बसविले असता मँडोलिनचा पहिला पडदा खाचपट्टीपासून १९.८ मि.मी.वर येतो, गिटारचा ३६.४ मि.मी.वर. बाराव्या व तेराव्या पडद्यांतील अंतर मँडोलिनवर १० मि.मी.हूनही किंचित कमी असते आणि त्याहून वर ते ७ मि.मी.पर्यंत खाली येते.

ह्याचा अर्थ असा की, कारागिराच्या हातून झालेली तीच चूक मँडोलिनवर गिटारच्या जवळजवळ दुप्पट बेसूर ठरते. घोडी आपल्या जागेपासून १ मि.मी. सरकलेली असेल, तर बाराव्या पडद्यावर गिटारचा स्वर सुमारे २.७ सेंटांनी चुकतो, मँडोलिनचा ४.९ सेंटांनी. ३ मि.मी.ची चूक असल्यास मँडोलिनवर स्वर जवळजवळ १५ सेंटांनी ढळतो. प्रमाणश्रुतीचे मान २१.५ सेंट आहे हे लक्षात घेतले, म्हणजे घोडीच्या तीन मिलिमीटरांनी सुमारे दोन-तृतीयांश श्रुतीचा घोटाळा होतो असे म्हणावे लागेल. प्रत्येक पडद्यावर ही चूक वेगळ्या प्रमाणात येते आणि विद्यार्थी दोष आपल्या बोटांना देत राहतो.

येथे आणखी एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट नमूद करावयास हवी. समान अर्धस्वरांच्या पडद्यावरील शुद्ध गांधार ४०० सेंटांवर असतो, तर तंबोऱ्याच्या षड्जाशी जुळणारा गांधार ३८६ सेंटांवर. म्हणजे पडद्याचा गांधार सुमारे १४ सेंट चढा आहे. कोमल गांधाराची गोष्ट उलट आहे : पडदा ३०० वर, जुळणारा स्वर ३१६ वर, म्हणजे पडदा उतरा. तार ओढून स्वर चढविता येतो, उतरविता येत नाही. म्हणून कोमल गांधार त्याच पडद्यावर किंचित ओढीने सुधारतो; शुद्ध गांधार मात्र खालच्या पडद्यावरून ओढ घेऊनच गाठावा लागतो. यावरून निवडीचा एक व्यावहारिक नियम निघतो. स्वर थोडा उतरा देणारे वाद्य हाताने सावरता येते; चढा देणारे सावरता येत नाही. चढेपणाची नेहमीची कारणे तीन : खाचपट्टीच्या उथळ खाचा, दांडीपासून फार उंच असलेल्या तारा, आणि दांडीकडे सरकलेली घोडी. ह्या तिन्हींची तपासणी खरेदीपूर्वी झालीच पाहिजे.

आखूड तारेचा एक लाभही सांगितला पाहिजे. तीच जाडी व तोच स्वर असता आखूड तारेवरील ताण कमी असतो, आणि बोटाने तितकेच अंतर ओढले तरी स्वर पुष्कळ अधिक चढतो. म्हणून चांगल्या जुळणीच्या चारतारी मँडोलिनवर मींड सहज निघते. त्याच कारणाने बोट अनावश्यक जोराने दाबल्यास स्वर चढतो. तेव्हा तारा बऱ्यापैकी खाली, पण पडद्यावर खरखर न करणाऱ्या असाव्यात.

पिकअप आणि तारांची धातू

चुंबकीय पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार त्यासमोर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात दाब निर्माण होतो. हा पिकअप लाकडाचा आवाज टिपत नसून तारेच्या धातूची हालचाल टिपतो. म्हणूनच तारा कोणत्या धातूच्या आहेत ह्यास येथे निर्णायक महत्त्व आहे. साध्या मँडोलिनच्या खालच्या तारांवर कांशाचे वेष्टन असते. कांसे चुंबकास प्रतिसाद देत नाही. अशा तारेचा केवळ आतला पोलादी गाभा पिकअपला जाणवतो आणि खर्जाच्या तारा दुबळ्या वाजतात. चुंबकीय पिकअपच्या वाद्यावर निकेल किंवा पोलादाचे वेष्टन असलेल्या तारा लावाव्यात. कित्येकदा वाद्य सदोष म्हणून परत केले जाते तेव्हा दोष केवळ ह्या तारांचा असतो.

दुसरा प्रकार दाबविद्युत् पिकअपचा. घोडीखाली किंवा पेटीवर बसविलेला स्फटिकासारखा घटक कंपनांचा दाब विद्युत् संकेतात बदलतो. त्याला तारांच्या धातूशी कर्तव्य नसते; पेटीचा नैसर्गिक आवाज तो बराचसा राखतो. पण त्याचा संरोध फार उच्च असल्याने तो सरळ सामान्य ध्वनिवर्धकास जोडल्यास आवाज पातळ व कर्कश होतो. मध्ये लहान पूर्ववर्धक असणे अवश्य आहे. पुष्कळ वाद्यांत तो नऊ व्होल्टच्या घटावर चालणारा असतो. पेटीस झालेला बोटाचा स्पर्शही हा पिकअप ऐकवितो. शिवाय पोकळ पेटी ध्वनिवर्धकाच्या आवाजाने स्वतःच कंप पावू लागते आणि तोच आवाज पुन्हा पिकअपमधून फिरत राहून शिटी किंवा घुमघुम निर्माण होते. मृदंग किंवा तबल्याच्या बरोबरीने मोठ्या आवाजात वाजवावयाचे असल्यास भरीव वाद्यच सोयीचे पडते.

भरीव वाद्याची आणखी एक सोय शहरी विद्यार्थ्यास विशेष पटेल. ध्वनिवर्धकाविना त्याचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. लहान घरात, रात्री, कर्णध्वनक लावून त्यावर सराव करता येतो. मात्र त्याच कारणाने ध्वनिवर्धक हा त्या वाद्याचाच एक भाग समजला पाहिजे आणि त्याची किंमत प्रथमच हिशेबात धरली पाहिजे.

स्वस्त वाद्यात पुष्कळदा गिटारसाठी बनविलेला, सहा स्वतंत्र चुंबक-खुंट्यांचा पिकअप बसविलेला आढळतो. मँडोलिनच्या तारा गिटारपेक्षा कमी रुंदीत बसत असल्याने काही तारा खुंट्यांच्या मध्ये पडतात आणि त्यांचा आवाज इतरांच्या मानाने लहान येतो. अखंड पट्टीचा चुंबक असलेल्या पिकअपमध्ये ही विषमता येत नाही. एकेरी वेटोळ्याचा पिकअप विजेच्या तारांतील गुणगुणही पकडतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने ती ५० व १०० हर्ट्‌झच्या आसपास ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर ह्यांनी १९५५ मध्ये सिद्ध केलेल्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये ही गुणगुण परस्परांत नाहीशी होते. ती सोय असल्यास उत्तम. पण एवढ्यासाठी पडद्यांच्या अचूकतेशी तडजोड करू नये. पिकअप पुढे बदलता येतो. चुकीच्या जागी बसविलेले पडदे बदलणे वाद्याच्या किमतीइतके महाग पडते.

तारांचा ताण आणि षड्जाची जागा

आठतारी मँडोलिनच्या तारांचा एकूण ताण तारांच्या जाडीनुसार साधारणतः ६५ ते ८० किलोग्रॅमच्या भाराइतका असतो; चारतारीवर तो सुमारे निम्मा राहतो. म्हणून स्वस्त आठतारी वाद्यात दांडी वाकण्याचा व घोडीखालची पेटी दबण्याचा धोका अधिक असतो. साध्या लाकडाच्या चारतारी भरीव वाद्यावर हा भार कमी येतो व ते अधिक काळ सरळ राहते. अल्प खर्चाच्या दृष्टीने चारतारी वाद्याच्या बाजूने हे आणखी एक कारण होय.

रागसंगीताचा विद्यार्थी पुष्कळदा तारा पाश्चात्य पद्धतीने न लावता कर्नाटक व्हायोलिनप्रमाणे षड्ज-पंचम-षड्ज-पंचम अशा लावतो, किंवा सर्वच तारा आपल्या षड्जानुसार उतरवितो. येथेही वर्गाचा नियम लागू पडतो. एखादी तार एक पूर्ण स्वर उतरविली की तिचा ताण सुमारे एक-पंचमांशाने कमी होतो. ती सैल पडते, पडद्यांवर खरखरते आणि बोटाच्या किंचित दाबानेही चढते. अशा वेळी दोष वाद्याला न देता अधिक जाडीची तार लावावी आणि तिच्यासाठी घोडीची जागा पुन्हा जुळवावी. हे करता यावे म्हणून प्रत्येक तारेसाठी पुढे-मागे सरकणारा स्वतंत्र भाग ज्या घोडीस आहे, असे वाद्य निवडावे. भारतीय पद्धतीने वाजविणाऱ्यास ही सोय अत्यावश्यक समजावी लागेल.

खरेदीच्या वेळची तपासणी

पुढील तपासणीस स्वर दाखविणारे यंत्र पुरेसे आहे. मोबाइलमधील तसले साधनही चालते. प्रथम प्रत्येक तार खुली लावावी. मग बाराव्या पडद्यावर बोट अलगद टेकवून निघणारा उपस्वर व तीच तार तेथे दाबून निघणारा स्वर ह्यांची तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी दांडीपासून दूर, उतरा असेल तर दांडीकडे सरकवावयास हवी. घोडी सरकविता येत असेल तर हा दोष क्षम्य आहे. बारावा पडदा जुळविल्यानंतर पाचवा व सातवा पडदा पाहावा. तेथे स्वर ठळकपणे चुकत असतील तर पडद्यांच्या जागाच चुकल्या आहेत असे समजून ते वाद्य नाकारावे, मग त्याची किंमत कितीही कमी असो.

नंतर पहिला पडदा दाबावा. खुल्या तारेपासून तो १०० सेंट चढला पाहिजे. ११० किंवा अधिक चढत असल्यास खाचपट्टीच्या खाचा उथळ आहेत. जाणकार कारागीर त्या थोड्या घासून हा दोष अल्प खर्चात दूर करू शकतो. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यांवर एकाच वेळी दाबून सातव्या पडद्याजवळ पाहिले असता तार व पडदा ह्यांत पातळ कागदाएवढी फट दिसावी; फट मोठी असल्यास दांडी वाकलेली आहे आणि दांडीत ताण जुळविणारा लोखंडी गज नसेल तर ती सुधारणे कठीण. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकदा तरी वाजवून खरखर ऐकावी. दहा मिनिटे जोराने वाजविल्यावर खुल्या तारा पुन्हा तपासाव्यात. नव्या तारा थोड्या उतरतात, पण पुन्हा पुन्हा उतरणारी तार किल्लीच्या निकृष्ट दातांकडे बोट दाखविते.

शेवटी ध्वनिवर्धक जोडून चारही तारांचा आवाज सारखा आहे का, बटणे फिरविताना खरखर येते का, हे पाहावे. तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर आतील भूजोडणी बरोबर नाही. ध्वनिवर्धकाची जोडणी तीन खिट्यांच्या व भूतार असलेल्या प्लगचीच असावी. धातूच्या तारांना सतत हात लागलेला असतो, म्हणून ही बाब सुरक्षिततेची आहे.

खर्चाची वाटणी

वरील विवेचनावरून खर्चाचा अग्रक्रम आपोआप ठरतो. पहिला खर्च अचूक पडदे, सरळ दांडी, जुळविता येणारी घोडी व भक्कम किल्ल्या ह्यांवर व्हावा. दुसरा, खरेदीनंतर लगेच एखाद्या जाणत्या कारागिराकडून खाचपट्टी, तारांची उंची व घोडी जुळवून घेण्यावर. हा खर्च पुष्कळांना अनाठायी वाटतो. वस्तुतः मध्यम प्रतीचे वाद्य नीट जुळविल्यास ते न जुळविलेल्या महाग वाद्याहून सुरेल वाजते. तिसरा खर्च लहान ध्वनिवर्धकावर. मँडोलिनचा सर्वांत खालचा स्वर १९६ कंपनांचा आहे, गिटारचा सुमारे ८२ कंपनांचा; म्हणून गिटारच्या सरावासाठी मिळणारा लहान ध्वनिवर्धक मँडोलिनला अधिकच पुरेसा पडतो. चुंबकीय पिकअपच्या वाद्यास तो तसाच जोडता येतो. आवाज टोचरा वाटल्यास उच्च स्वरांचे बटण कमी करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. लाकडाची जात, रंगरोगण, बाह्याकृती व नामांकित पिकअप ह्यांचा क्रम सर्वांत शेवटी लागतो.

वापरलेले वाद्य मिळाल्यास ते टाळण्याचे कारण नाही. उलट काही वर्षे ताण सोसून सरळ राहिलेली दांडी ही तिच्या प्रतीची साक्षच होय. मात्र पडद्यांवर तारांनी पाडलेले खोल चर पाहावेत आणि नवे पडदे बसविण्याचा खर्च किमतीत मिळवावा. ज्याच्याजवळ चांगले साधे मँडोलिन आहे व ज्याला जोडतारांचाच आवाज हवा आहे, त्याने नवे वाद्य घेण्याऐवजी त्यालाच दाबविद्युत् पिकअप व पूर्ववर्धक जोडणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

विजेने वाद्याला मोठा आवाज दिला, शांत खोलीतील सराव दिला आणि स्वर अधिक वेळ टिकविण्याची शक्ती दिली. परंतु तिने वाद्याचा कोणताही दोष दूर केला नाही. जो दोष साध्या मँडोलिनच्या लहान आवाजात झाकला जात असे, तो ती मोठा करून ऐकविते. म्हणून अल्प खर्चाच्या पहिल्या विद्युत् मँडोलिनची परीक्षा वीज जोडण्यापूर्वी, शांत खोलीत, केवळ कानाने व स्वरमापकाने करावी. त्या परीक्षेत उतरलेले वाद्य साध्या पिकअपनेही विद्यार्थ्याचा कान घडवील. न उतरलेल्या वाद्यावर कितीही खर्चाचा पिकअप बसविला तरी हे कार्य त्याच्या हातून होणार नाही.